सातबारा आणि सहा पिढ्यांची बिअर

॥ श्री ॥
पेनसिल्व्हेनिया, अमेरिका

तीर्थरूप आप्पाकाकांस शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आम्ही सगळे इकडे खुशाल. पोलादपूरची जमीन वाटून घ्यायची की सामायिकच ठेवायची, यावर आमचं मत तुम्ही विचारलंत. मत तयार आहे. अडचण एवढीच, की त्याला आधार एका बिअरच्या कारखान्याचा आहे. पत्र माजघरात मोठ्याने वाचायची वेळ आली तर नुसतं 'कारखाना' म्हणावं. महाडला एमआयडीसी आहे, कुणाला संशय यायचा नाही.

आमच्या राज्यात पॉट्सव्हिल म्हणून कोळशाच्या खाणींचं गाव आहे. जर्मनीतल्या वुर्टेम्बर्गहून आलेल्या डेव्हिड यिंगलिंग नावाच्या माणसाने तिथे १८२९ मध्ये 'ईगल ब्रुअरी' काढली. दोनच वर्षांत ती जळाली. पठ्ठ्याने महान्टोंगो स्ट्रीटवर डोंगराच्या अंगाला ती पुन्हा उभी केली. तेव्हा बर्फयंत्रं नव्हती, म्हणून डोंगरात बोगदे खणून त्यात पिंपं गार ठेवली. खाणीतून तहानलेली माणसं रोज बाहेर पडत होती, त्यामुळे गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागलं नाही. हा कारखाना आजही त्याच घराण्याकडे आहे, आणि अमेरिकेतला सर्वांत जुना म्हणून ओळखला जातो.

तो टिकला कसा, याचं नेहमीचं उत्तर म्हणजे चिकाटी. १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली, तेव्हा यिंगलिंगांनी नावापुरती बिअर काढली आणि रस्त्यापलीकडे डेअरी उघडून आइस्क्रीम विकलं. १९३३ मध्ये बंदी उठताच 'विनर बिअर' भरून एक ट्रक अध्यक्ष रूझवेल्टना धाडला. गोष्ट झकास आहे, पण पुरावा म्हणून लंगडी. अनहायझर-बुश या दुसऱ्या बिअर कंपनीनेही त्या काळात यीस्ट आणि आइस्क्रीम विकलं, पाब्स्ट या तिसरीने चीज विकलं. ही घराणीही मूळची जर्मनच. तरीही २००८ मध्ये अनहायझर-बुश परक्या कंपनीने गिळली. एके काळी अमेरिकेत बिअरमध्ये पहिला नंबर असलेली श्लिट्झ कंपनी तर १९८२ मध्येच स्ट्रो या प्रतिस्पर्धी कंपनीकडे गेली. श्लिट्झने फ्लोरिडात टँपाला बांधलेला कारखाना स्ट्रोमार्फत १९९९ मध्ये शेवटी कुणी घेतला? यिंगलिंगनी.

मला खरं कारण वेगळं वाटतं. या घरात कारखान्याचे हिस्से पडत गेले नाहीत. संस्थापकाचा एक मुलगा, धाकटा डेव्हिड, व्हर्जिनियात रिचमंडला जाऊन वेगळी ब्रुअरी काढता झाला. दुसरा, फ्रेडरिक, १८७३ मध्ये बापाचा भागीदार झाला. पुढे पाचव्या पिढीतल्या डिक यिंगलिंगचं बापाशी पटेना, तेव्हा तो बाहेर पडून बिअरची घाऊक विक्री करू लागला. १९८५ मध्ये तो परत आला आणि त्याने बापाकडून कारखाना चक्क विकत घेतला. त्या घरची रीतच तशी सांगतात: वारसाने काही मिळत नाही, ज्याला चालवायचं असेल त्याने मोजून पैसे द्यायचे. श्लिट्झची मालकी मात्र ईलाइन घराण्याच्या असंख्य नातलगांत वाटली गेली होती. घाईघाईने बिअर आंबवण्याच्या हव्यासानेही ती बुडाली, हे मान्य. पण वाटेकरी वाढले की दर वर्षी लाभांश हवा असणारे वाढतात आणि कारखान्यात उभा राहणारा कुणी उरत नाही.

आता आपला सातबारा काढून बघा. त्यावर वारलेले आजोबा आहेत, लालबागचे चुलते आहेत, सासरी गेलेल्या आत्या आहेत आणि समुद्रापलीकडचे आम्हीही आहोत. पावसात खाचराचा बांध फुटला की मालक सगळे, फावडं उचलणारे तुम्ही एकटे. वाटप करावं तर डोंगरउताराच्या अशा चिंध्या होतील की १९४७ चा तुकडेबंदी कायदाही लाजेल. म्हणून म्हणतो, वाटपही नको आणि सामायिकही नको. जो कसतो त्याने विकत घ्यावी, बाकीच्यांनी किंमत घ्यावी.

तुम्ही म्हणाल, यिंगलिंगांकडेही १९६३ नंतर दोन भावांनी मिळून कारभार केलाच. केला, पण दोघांनी. आपल्या उताऱ्याला पुरवणी पान लागतं. मोठा आक्षेप दुसराच आहे. गावात राबणाऱ्याकडे पैसा नसतो आणि पैसा असतो तो मुंबईत किंवा इकडे. मग जमीन पैसेवाल्याकडे जाईल आणि त्यावर रानच माजेल. हे खरं आहे, आणि इथे जर्मन माणसाची रीत आपल्याला जशीच्या तशी चालायची नाही. महामार्गाचं चौपदरीकरण आणि कशेडीचा बोगदा झाल्यावर बाहेरचा कुणी देईल तो भाव घरात लावूच नये. पहिला हक्क कसणाऱ्याचा, दर घरचा आणि पैसे हप्त्याने.

बापाने मुलाकडून, भावाने भावाकडून पैसे घ्यायचे, हे काकूंना निर्दय वाटेल. पण फुकटच्या हिश्श्यांसाठी महाडच्या कोर्टात किती तारखा पडतात, ते तुम्हीच सांगता. राहता राहिला आत्यांचा प्रश्न. वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, तेव्हा एक साडी नेसवून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची गोड पद्धत आता बंद करावी. त्यांनाही पूर्ण रक्कम मिळावी, आणि एखादीला जमीन कसायचीच असेल तर तिनेच घ्यावी. यिंगलिंगांच्या सहाव्या पिढीत चार मुलीच कारभार बघतात आणि बिअर काही नासलेली नाही.

देवघर आणि जुनं घर मात्र या हिशेबाबाहेर ठेवा. गणपतीला भाडं भरून राहायला कुणी येणार नाही.

आमचा हिस्सा आम्ही तुम्हालाच द्यायला तयार आहोत. दर तुम्ही ठरवा, घासाघीस आम्ही करू. काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

आपला,
अमेरिकेचा पुतण्या

ता. क. विहिरीजवळचं पायरी आंब्याचं झाड खरेदीखतात धरू नये. त्यावर आमचा दावा अविभक्त, वंशपरंपरागत आणि कोणत्याही तर्कापलीकडचा आहे.