बेल्याचे निदानकार काका

खडखडणारी गाडी आली की बेल्यातल्या चहाच्या टपरीवर बसलेला एक माणूस हातातला कप खाली ठेवतो. तो मेकॅनिक नाही. त्याच्याकडे पाना नाही, जॅक नाही, साधा स्क्रूड्रायव्हरसुद्धा नाही. तरी त्याने तपासल्याशिवाय गावातली जुनी गाडी आदिलाबादच्या गॅरेजची वाट धरत नाही. सगळे त्याला काका म्हणतात. असा एक काका जैनथला सापडेल, हद्दीपलीकडे महाराष्ट्रात कोरपन्यालाही सापडेल.

या मुलखाने काकांना पेशंट कधी कमी पडू दिले नाहीत. जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटून भेगाळते आणि वरच्या डांबराला आपल्याबरोबर उठबस करायला लावते. त्यावरून गडचांदूरकडचे सिमेंटचे ट्रक. भरीला इथला शेतकरी तालेवार असो की साधा, आदिलाबादहून येताना डिकीत डीएपीच्या चार बॅगा टाकतोच. एकेक बॅग ५० किलोची, म्हणजे मागच्या चाकांवर तीन माणसं जास्तीची.

परवाचा पेशंट इंडिका होती. नंबर ‘एपी ०१’चा. मालकाने ती घेतली तेव्हा तो आंध्र प्रदेशात राहत होता. २०१४ साली घर न बदलता तेलंगणात आला. पुढे गावातल्या नव्या गाड्यांवर ‘टीएस’ आलं, २०२४ पासून ‘टीजी’ आलं. इंडिकाचे शॉकअप मात्र अजून आंध्रातलेच.

“काहून बे, आवाज कुठून येऊन राहिला?”

“मागून, काका.”

“मागून म्हणजे? महाराष्ट्रातून?”

काका आधी डिकी रिकामी करायला लावतात. सुटलेला जॅक आणि झिजलेला बुश यांचा आवाज जुळ्या भावांसारखा असतो, आणि कित्येक केसेस जॅक कपड्यात गुंडाळला की तिथेच मिटतात. मालकाला हे आवडत नाही. एवढ्या लांबून पेशंट आणायचा, तर आजार निदान दोन-चार हजारांचा तरी निघावा!

जॅक निर्दोष सुटला की काका गाडीच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार देतात आणि सोडतात. मागचा भाग एकदा वर येऊन बसला तर ठीक. नंदीबैलासारखी मान हलवत राहिला तर शॉकअप गेला. मग काका उकिडवे बसून शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओघळ शोधतात. सील फुटलं असेल तर तिथे धूळ चिकटून काळा थर धरतो. पण खरी परीक्षा हाताची. शॉकअप स्प्रिंगची उसळी तेलात जिरवतो आणि तेल तापतं. खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीचा धडका शॉकअप म्हणूनच कोमट लागतो. इंडिकाचा डावा कोमट होता, उजवा गार.

“उजवा कामावर जात नाही,” काका म्हणाले.

काकांचा खरा जीव पाट्यांच्या स्प्रिंगवर. ते शिकले अँबॅसॅडरवर, आणि २०१४ साली उत्तरपाड्याचा कारखाना थांबला तेव्हा आठवडाभर कमी बोलले. पाट्याच्या गाडीचं सगळं उघड्यावर असतं. पान तडकलेलं दिसतं, शॅकलचा बुश खाल्लेला दिसतो. सेंटर बोल्ट तुटला तर अ‍ॅक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालते. मागून पाहणाऱ्याला पुढचं चाकही दिसतं. बोलेरोला मागे अजून पाटे आहेत, म्हणून काका बोलेरोवाल्याला चहाही पाजतात. इंडिकाला मागे कॉइल स्प्रिंग. टाटांनी १९९८ साली ती दाखवली तेव्हापासून काकांचा तिच्यावर राग आहे. तिच्या स्प्रिंगचा शेवटचा वेढा खालच्या वाटीत तुटून बसतो आणि वरून काही कळत नाही. काका मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत वीत लावतात, दोन्ही बाजूंनी, गाडी सपाट जागी उभी करून. दोन बोटांचा फरक निघाला तर स्प्रिंग बसली.

इथे दोन्हीकडे वीत सारखीच भरली. दोष शॉकअपचाच. काकांनी निकाल दिला: जोडी बदल.

“उजवाच गेला ना काका? मग एकच टाकतो.”

“चप्पल तुटली की एकच आणतो का बे?”

मालक आदिलाबादला गेला आणि एकच टाकून आला. चार दिवस गाडी गप्प होती. मग नवा उजवा झटकन सावरायला लागला, जुना डावा मागून सावकाश, आणि इंडिका प्रत्येक खड्ड्यावर कंबर मोडायला लागली. काकांनी टपरीवरूनच ते पाहिलं. चेहऱ्यावर समाधान लपत नव्हतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि बाकावर सरकून मालकाला जागा केली.