गुणिले शंभर

जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहराचं मुंबईशी १९६८ पासून भगिनी-शहराचं नातं आहे. हे नातं जुळवताना पत्रिका कोणी पाहिली कोण जाणे, कारण श्टुटगार्टचं गोत्र उघड उघड पुण्याचं आहे. इथल्या श्वाबियन माणसाच्या काटकसरीवर उरलेला जर्मनी विनोद करतो आणि विनोद ऐकायला पैसे पडत नसल्यामुळे श्वाबियन माणूस तो शांतपणे ऐकून घेतो. इमारतीचा जिना झाडायची पाळी दर आठवड्याला एकेका बिऱ्हाडाकडे असते आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. पाटी! आमचे साडू ती पाहून गहिवरलेच. "माणसं आपल्यातली दिसतात," म्हणाले.

साडूंचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, चाकणहून इकडे आलेल्या इंजिनिअरांपैकी एक. त्याच्याकडे साडू, मेहुणी, आमची ही आणि मी असे चौघे धडकलो होतो. साडूंना विमानातच एक विकार जडला होता. दिसेल त्या आकड्याला ते शंभरने गुणायचे. युरो शंभर रुपयांच्या आसपास असल्याने गुणाकाराला कागदही लागत नाही. "साडेतीनशेची कॉफी!" "सहा हजारांचा दंड!" (विनातिकीट प्रवासाला ६० युरो पडतात. ते कळल्यापासून साडू ट्राममध्ये तिकीट हातात उंच धरून बसत.) हॉटेलात पाण्याची बाटली बिअरपेक्षा महाग निघाली, तेव्हा जन्मात थेंब न घेतलेले साडू मेन्यूकार्डाकडे फार वेळ विचारमग्न होऊन पाहत राहिले. मेहुणीने कार्ड काढून घेतलं. वास्तविक नळाचं पाणी तिथे बिनधास्त प्यावं. घरून बाटली भरून न्यायची की झालं.

प्रत्येक घराला रेडिओ-टीव्हीसाठी महिन्याला १८.३६ युरो भरावे लागतात, टीव्ही असो वा नसो. "अठराशे छत्तीस रुपये?" असं म्हणून साडू त्या दिवसापासून दुपारी दोन-दोन तास जर्मन टीव्ही बघू लागले. एक अक्षर कळत नव्हतं. पण वसुली म्हणजे वसुली.

विकाराला एक गोड बाजूही होती. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर आणि पेयाच्या डब्यावर २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की पावती येते आणि गल्ल्यावर पैसे परत मिळतात. साडूंच्या दृष्टीने युरोपने लावलेला हा सर्वांत मोठा शोध. संध्याकाळी फिरायला निघताना ते कापडी पिशवी घ्यायला लागले. "बाबा, इथली गरीब माणसं त्या बाटल्या गोळा करतात, त्यांच्या पोटावर पाय आणू नका," असं भाच्याने समजावलं तेव्हा कुठे ती पिशवी खुंटीला लागली.

आता पैसे काढायच्या मशीनकडे वळू. मशीनने अदबीने विचारलं, व्यवहार रुपयांत करू की युरोत? पडद्यावर रुपया पाहून साडूंचा ऊर भरून आला. परक्या मुलुखात आपल्या पैशाची कोणी विचारपूस करतंय! त्यांनी रुपयाचं बटण दाबलं. ही विचारपूस मशीनवाला आपल्या दराने करतो आणि तो दर बहुधा आपल्या बँकेपेक्षा वाईटच असतो. २०० युरोंमागे हजार-दीड हजार रुपये सहज जाऊ शकतात. दुकानातलं कार्डाचं यंत्रही हाच प्रश्न विचारतं. उत्तर नेहमी युरो. रुपयावरचं प्रेम पुण्यात परतल्यावर करावं.

भाच्याच्या पुण्यातल्या जुन्या खात्यावरूनही बापलेकांचं वाजलं. परदेशी स्थायिक झालेल्याला साधं बचत खातं चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं, करून घ्यावं लागतं. साडूंना हा मुलगा दत्तक दिल्याचा प्रकार वाटला. "मी शाळेत असताना काढून दिलंय ते!" शेवटी पासबुक आठवण म्हणून ठेवायचं, या अटीवर तह झाला.

मग बोडनझे सरोवराची सहल आली. हायवेवरचं शौचालय १ युरो घेतं आणि तेवढ्याच किमतीचं कूपन देतं. कूपन तिथल्या दुकानात चालतं, पण तिथलं सँडविच पाहून साडूंनी केलेला गुणाकार इथे लिहिण्यासारखा नाही. साडूंना जुना मधुमेह. अशा माणसाने दर थांब्याला "शंभर रुपये? आता घरीच!" म्हणणं किती शहाणपणाचं, ते डॉक्टर नसलेल्यालाही कळेल. जाताना, येताना आणि सरोवराकाठीही साडू बाणेदारपणे बसून राहिले.

घरी येईतो रविवारची रात्र, साडूंना थंडी वाजून ताप, आणि ज्या कामासाठी दिवसभर घराची वाट पाहिली त्यातच आग. "कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून पाच दिवसांचा कोर्स आण, नाव मी सांगतो," साडू कण्हत म्हणाले. कोपऱ्यावर केमिस्ट होता, पण बंद. रविवारी तिथे अख्खा देश बंद असतो. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक कोणी देत नाही आणि साधी पॅरासिटामॉलही किराणा दुकानात मिळत नाही. जिवावर बेतलं तर ११२ आणि दवाखाने बंद असताना एवढ्या-तेवढ्यासाठी ११६११७. भाच्याने दुसरा फिरवला आणि आम्ही ड्यूटीवरच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रोजची औषधं कोणती? साडू म्हणाले, "सकाळी एक पांढरी, रात्री अर्धी गुलाबी." भाच्याने हे इमानेइतबारे जर्मनमध्ये सांगितलं. बाईंचा चेहरा पाहण्यासारखा होता. आपल्याकडचे ब्रँड तिथे कोणाला ठाऊक नसतात. मेटफॉर्मिन म्हटलं तर कळतं. म्हणून गोळ्या मूळ पाकिटात आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव, एवढं पुण्याहूनच करून न्यावं. लघवी तपासली, युरिन इन्फेक्शन निघालं, औषध मिळालं, वर भरपूर पाणी आणि चहा प्या असं बजावलं. रात्रपाळीच्या औषधवाल्याने खिडकीतून डबी दिली आणि अवेळी उठवल्याचे २.५० युरो जास्त लावले. साडूंनी गुणाकार केला नाही, यावरून ताप किती असेल ते आम्ही ओळखलं.

बिल नंतर पोस्टाने आलं. भाच्याच्या विम्यात त्याची बायको-मुलं येतात, आईबाप येत नाहीत. साडूंची पॉलिसी व्हिसापुरती, म्हणजे शेंगेनला सक्तीच्या किमान ३०,००० युरोंची, आणि त्यातली सगळ्यात स्वस्त होती. आधी पदरचे भरा, मग मागा. कंपनीने पत्र धाडलं: हा आजार पूर्वीच्या मधुमेहामुळे उद्भवला काय? साडूंनी खऱ्याला स्मरून उत्तर दिलं: नाही, १ युरोमुळे.

क्लेम अजून मंजूर झालेला नाही. तुम्ही निघाला असाल तर पॉलिसीतलं जुन्या दुखण्यांचं कलम चष्मा लावून वाचा, आणि ते न वाचताच सही करणाऱ्या साडूला शक्यतो बरोबर नेऊ नका.