चार टीबीचं लग्न टीव्हीवर कसं लावावं

नगर जिल्ह्यातलं (सरकारदरबारी 2024 पासून अहिल्यानगर, एसटी स्टँडवर अजून नगरच) लग्न आता दिवसांत मोजत नाहीत, टीबीत मोजतात. क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, त्यामुळे पाहुणे अकोले तालुक्यापासून जामखेडपर्यंतचे. त्यातला एकही चेहरा सुटला तर रुसवा ठरलेला. हळद, जागरण-गोंधळ, ड्रोनमधून दिसणारा लॉन आणि भंडारदऱ्याला जाऊन केलेलं प्री-वेडिंग, हा सगळा ऐवज शूटिंगवाला एका काळ्या डबीत घालून देतो. फोर-के चित्रण सेकंदाला 100 मेगाबिटने धावलं तर तासाला 45 जीबी खातं. कॅमेरे तीन होते. हिशेब आपणच करावा.

तर ही डबी नव्या स्मार्ट टीव्हीला लावण्याचा विधी.

आधी मुहूर्त. वस्तीवर राहत असाल तर लाइट कधी जाणार ते वायरमनला विचारावं. तो ‘आज नाही जाणार’ म्हणाला तर कार्यक्रम उद्यावर ढकलावा. चालू डिस्कची वीज मध्येच तुटणं चांगलं नाही. यजमानपद घरातल्या इंजिनिअरिंगवाल्या भाच्याकडे द्यावं. शाखा सिव्हिल असली तरी चालते. त्याला कुणी विचारत नाही.

टीव्हीची यूएसबीची जागा कंपन्यांनी भिंतीच्या बाजूला ठेवली आहे, ती मान मोडून शोधावी. एकापेक्षा जास्त असतील तर ‘एचडीडी’ लिहिलेली निवडावी. साध्या यूएसबी 2.0 मधून 500 मिलिअँपिअर मिळतात, 3.0 मधून 900. अडीच इंची डिस्क त्यावर कशीबशी फिरते. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला 12 व्होल्टचा स्वतःचा अडॅप्टर लागतो, आणि तो नेमका शूटिंगवाल्याकडे राहिलेला असतो. अशा वेळी कपाटातल्या जुन्या अडॅप्टरची पिन बसते म्हणून लावून पाहू नये. पिन बसली म्हणजे व्होल्ट जुळले असं नाही.

आता टीव्ही म्हणेल, ‘कोणतंही उपकरण जोडलेलं नाही.’ इथे दादा डिस्कला दोन टपल्या मारतील, त्यांना अडवावं. डिस्क बहुधा ठणठणीत असते, टीव्हीला तिची मांडणी कळत नाही एवढंच. शूटिंगवाला मॅकवर काम करत असेल तर त्याने डिस्क मॅकच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असते, आणि ती बहुतेक टीव्ही वाचत नाहीत. शिवाय जुन्या एमबीआर पद्धतीची साधारण धाव 2 टीबीपर्यंतच. त्यापुढच्या डिस्कवर जीपीटी असतं आणि काही जुने टीव्ही त्याला ओळखच देत नाहीत. ‘फॅट32 करून टाक’ असा सल्ला शेजारून येईल. त्यात 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणजे मंगलाष्टकं अंतरपाटाआधीच संपायची. एनटीएफएस किंवा 2006 साली आलेलं एक्सफॅट बरं. यातलं कुठलं चालतं ते टीव्हीच्या पुस्तिकेत असतं. पुस्तिका खोक्यात असते. खोकं भंगारात गेलेलं असतं.

मग भाचा डिस्क लॅपटॉपला लावून पाहतो. लॅपटॉप 4 टीबीऐवजी 3.63 दाखवतो आणि विधीचा सर्वांत नाजूक टप्पा सुरू होतो.

‘आरं, बाकीचं कुठं गेलं? पाठवणी कापली का काय त्यानं?’ आत्या विचारतात.

कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या, त्यामुळे आकडा खाली येतो. चोरी कुणीच केलेली नसते. हे आत्यांना समजावण्यात वेळ घालवू नये. पाठवणीची फाइल उघडून दाखवावी, त्या रडायला लागल्या की विषय मिटतो.

यथावकाश डिस्क टीव्हीवर दिसते. फाइल दाबली की ‘हे स्वरूप चालत नाही’. महागड्या कॅमेऱ्याचं दहा-बिट 4:2:2 चित्रण टीव्हीच्या चिपला सहसा पेलत नाही. कधी चित्र येतं आणि आवाज येत नाही, कारण आवाजाचा कोडेक टीव्हीला अनोळखी असतो. मग मामा बँडशिवाय नाचताना दिसतात. (आमच्या मते हा दोष नाही, सुधारणा आहे.) उपाय एकच: शूटिंगवाल्याकडून आठ-बिट, एच.264, एएसी आवाजाची एमपी4 प्रत मागून घ्यावी. टीव्हीला तीच लावावी. मूळ डिस्क कपाटात आणि तिची दुसरी प्रत मामांच्या घरी.

एवढ्यात कंटाळून टीव्ही स्वतःच विचारेल, ‘हे उपकरण वापरण्यासाठी फॉरमॅट करू का?’ सगळं घर एका सुरात ओरडेल, ‘ओके दाब, ओके!’ या प्रश्नाचा अर्थ ‘लग्न पुसून टाकू का?’ असा आहे. कृपा करून रिमोट दादांच्या हातून घ्या, ‘नाही’ दाबा आणि उद्या सकाळी शूटिंगवाल्याकडे जा. अडॅप्टरही तिथेच आहे.