ऑइल फिल्टर घ्यायला निघालेल्या नवशिक्यांसाठी

पहिला धडा चेहऱ्याचा. जळगावात अजिंठा चौफुलीकडे स्पेअर पार्ट्सच्या दुकानात शिरताना जन्म गाडीखालीच गेल्यासारखा भाव ठेवा. काउंटरवरचा भाऊ दोन डबे पुढे करील: एक नव्वदचा, एक एकशे साठचा. दोन्ही हातांत घेऊन तोला. भरिताचं वांगं हलकं घ्यावं, फिल्टर जड घ्यावा, असं शेजारचं गिऱ्हाईक न विचारता सांगेलच. ऐकून घ्या, पण मनावर घेऊ नका. वजन जाड पत्र्यानंही वाढतं आणि ऑइल गाळायचं काम पत्र्याचं नाही.

आता डबा उलटा करा. मधोमध आट्यांचं मोठं भोक, भोवती बारीक भोकांचं कडं. त्या बारीक भोकांतून डोकावलं की बऱ्याच फिल्टरांत रबराची चकती दिसते, काळी किंवा नारिंगी. गाडी उभी असताना फिल्टरमधलं ऑइल चेंबरमध्ये उतरू नये म्हणून ती असते. तीच कडक पडलेली असली तर सकाळी सेल्फ मारल्यावर इंजिन क्षणभर कोरडंच खडखडतं. दुसरी खरी गोष्ट म्हणजे आतल्या कागदाच्या घड्या. त्या डबा कापल्याशिवाय दिसत नाहीत, आणि कापलेला डबा दुकानदार परत घेत नाही.

म्हणून नंबर बघायचा. ‘ओरिजनल शे भो!’ असं ऐकू आलं की मान डोलवा आणि पार्ट नंबर आपल्या गाडीच्या मॅन्युअलशी ताडून बघा. आटे बसले म्हणजे फिल्टर बसला असं नव्हे. कागद तुंबला की ऑइल न गाळताच पुढे सोडणारा बायपास व्हॉल्व्ह बहुतेक डब्यांत असतो, आणि तो किती दाबाला उघडावा हे इंजिनागणिक बदलतं. मग पक्कं बिल मागा. बिलाचं नाव काढताच ‘ओरिजनल’चा आवाज खाली आला, तर दुकान बदला.

‘आपल्याकडची धूळ बघता भारीतलाच घ्या,’ असाही सल्ला मिळेल. जळगाव-धुळे महामार्गाच्या तरसोद ते फागणे चौपदरीकरणाच्या वर्षांत त्या रस्त्याची धूळ ज्यांनी खाल्ली, त्यांना तो लगेच पटतो. पण ती धूळ आधी एअर फिल्टरनं अडवायची असते. तो फाटका ठेवून सोनेरी डब्यातला इंपोर्टेड ऑइल फिल्टर लावणं ही निव्वळ हौस. साध्या पेट्रोल गाडीला योग्य नंबरचा, नावाजलेल्या कंपनीचा एकशे साठवाला पुरतो. फिल्टर एकाआड एक सर्व्हिसिंगला बदलून पैसे वाचवणारेही भेटतील. हजाराच्या वरचं नवं ऑइल ते जुन्या घाणीतून फिरवतात. त्यांचा हिशेब त्यांना लखलाभ.

बसवताना नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटानं थोडं ऑइल लावा. रिंग टेकली की डब्यावर लिहिलं असेल तेवढंच, सहसा पाऊण फेरा, हातानंच आवळा; पाना जुना काढायला. आणि जुन्याची रिंग त्याच्याबरोबर निघाली की इंजिनालाच चिकटून राहिली, हे मेकॅनिकच्या भरवशावर न सोडता स्वतः वाकून बघा. रिंगवर रिंग बसली, तर धुळ्याला निघालेल्या गाडीचं ऑइल पारोळ्याच्या आतच रस्त्यावर सांडलेलं असेल.