आराखडेसाहेब

बऱ्यापैकी मोठ्या कुठल्याही सरकारी इस्पितळात एक आराखडेसाहेब असतातच. मूळचे ते भूलतज्ज्ञ असतील, नाहीतर लेखा विभागातले. पण एकदा पुण्याला प्रशिक्षण घेऊन आले की माहिती व्यवस्थापन त्यांच्या अंगात येतं. आपण विचारू ती सोय त्यांच्या आराखड्यात असतेच, फक्त पुढच्या टप्प्यात. ‘साहेब, प्रिंटरची शाई संपलीय.’ ‘तिसऱ्या टप्प्यात प्रिंटरच लागणार नाही!’

रोगांचे आंतरराष्ट्रीय कोड त्यांना तोंडपाठ. कुत्रा चावला तर डब्ल्यू ५४, मगरीनं धरलं तर डब्ल्यू ५८. (हसू नका. सांगलीत कृष्णाकाठी कुणी हसत नाही.) पण ओपीडीतला डॉक्टर रांग उपसता उपसता जे गिरमिटतो, ते फक्त समोरच्या मेडिकलवाल्याला लागतं.

२०२१ साली आयुष्मान भारत डिजिटल मिशन आलं आणि साहेबांची दिवाळी झाली. १४ आकडी आभा क्रमांकात माणसाचा सगळा दवाखाना! खिडकीवर मात्र आजींचा ओटीपी जातो मुलाच्या मोबाइलवर. मुलगा भिवंडीत, रात्रपाळी करून झोपलेला. जन्मतारीख विचारावी, तर अर्ध्या तालुक्याची १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठोकून दिलेली. एकाच नावाच्या, एकाच तारखेच्या तीन बाया आल्या की संगणक हात टेकतो. रेकॉर्डरूममधले मामा टेकत नाहीत. ‘मुतखड्याची ना? खिडकीकडचं रॅक, खालून दुसरा गठ्ठा.’ पेशंटनं मागितलेले कागद ७२ तासांत द्यावेत, हा २००२ चा नियम साहेब स्लाइडवर लाल अक्षरांत दाखवतात. मामांना तो ठाऊक नाही. ते लगेच देतात.

हे मामा येत्या ३१ मेला निवृत्त होतायत (जन्मतारीख अर्थातच १ जून). आराखड्याच्या एकाही टप्प्यात याची नोंद नाही.

परवा साहेबांचंच बीपी चढलं. तपासायला आले ते काखेत साडीच्या दुकानाची पिशवी मारून. आत जुने सगळे रिपोर्ट, तारखेवार, टाचण्या लावलेले. सिस्टर म्हणाल्या, ‘स्कॅन करून सिस्टिममध्ये टाकू ना, सर?’

‘टाका की,’ पिशवी न सोडता साहेब म्हणाले, ‘पण मूळ कागद परत द्या. आणि एक झेरॉक्स मामांकडे ठेवा.’