दीड वाकळीची थंडी

पुण्याचा भाचा डिसेंबरात आसगावला आला तो पाठीवर बिऱ्हाड घेऊन. बिऱ्हाड म्हणजे हॅमॉक, अर्थात नायलॉनची झोळी, आणि तिच्यात अंगावर घ्यायची बदकाच्या पिसांची रजई. खळ्यावर धानाचे पुंजणे लागले होते, रानडुकरांपायी मी जागलीला जाणारच होतो. "मामा, मीपण येतो. मोहाच्या दोन झाडांना बांधेन," म्हणाला. मग विचारतो, "इथे रात्री टेंपरेचर किती असतं?"

हा प्रश्न पवनी तालुक्यात कोणी कोणाला विचारत नाही. इथे थंडी वाकळीत मोजतात. (झाडीबोलीत ळ चा र होतो, म्हणून आईच्या तोंडी ती 'वाकर'.) दिवाळीला चादर पुरते, मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या, दिवसांत एक वाकळ लागते, संक्रांतीच्या आधी दीड. दीड म्हणजे एक आपली आणि एक भावासोबत ओढाओढीतली. त्याहून पक्कं माप नाटकाचं. झाडीपट्टीचं नाटक रात्री उशिरा उभं राहतं ते उजाडेपर्यंत चालतं, आणि प्रेक्षक उघड्यावर. पहिल्या अंकाला शाल खांद्यावर असते, दुसऱ्याला डोक्यावरून येते आणि खलनायक मरेपर्यंत सगळं मैदान गाठोड्यांनी भरलेलं दिसतं. टाळ्याही ब्लँकेटच्या आतूनच वाजतात. आतली टाळी ऐकू आली की वाकळ दीडवर गेली समजावं.

रजईच्या चिठ्ठीवर मात्र आकडा होता, २०. वीस अंशांत आमच्याकडे लोक अंगणात बनियनवर बसतात, तेव्हा पोराचे पैसे बुडाले असं मी मनात म्हटलं. ते फॅरनहाइट निघालं. आपले उणे सात! २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ वर उतरला होता आणि पेपरांनी त्याचा उत्सव केला होता. त्या रात्रीही या रजईत माणूस पाय बाहेर काढून झोपला असता. पुढे लिहिलं होतं 'थ्री सीझन'. आपल्याला ऋतू मोजून तीनच, म्हणजे बारमाही रजई, असा मी हिशेब केला. तोही चुकला. त्यांचे तीन म्हणजे वसंत, उन्हाळा आणि पानगळ. ज्या ऋतूत माणूस रजई काढतो तेवढाच वगळलेला. उन्हाळ्याची रजई ही कल्पनाच मला झेपली नाही. मे महिन्यात नदीपलीकडचं ब्रह्मपुरी तापलेल्या गावांच्या यादीत वर जाऊन बसतं, तेव्हा आमच्यासमोर कोणी रजईचं नुसतं नाव काढून पाहावं.

शेकोटीपाशी भाच्याने आकड्यामागचं शास्त्र सांगितलं, आणि ते मला आवडलं. २००२ साली युरोपने स्लीपिंग बॅगांसाठी एक मोजणी ठरवली, पुढे ती जगभराची झाली. थंड खोलीत तापवलेला पुतळा निजवायचा आणि त्याची ऊब किती जाते ते बघायचं. त्यावरून एक आकडा निघतो तो पंचवीस वर्षांची, साठ किलोची बाई निवांत झोपेल त्या थंडीचा. दुसरा, ७३ किलोचा पुरुष मुटकुळं करून निभावून नेईल त्या थंडीचा. दोन्हींत पाचेक अंशांचं अंतर, म्हणजे बाईला ऊब जास्त लागते. आमच्या घरी वाटप बरोबर उलटं होतं. दोन वाकळी आबाजींना, एक आम्हा पोरांत, आणि आईला लुगड्याचा पदर, कारण ती पहाटे चारला उठणारच असायची. दुसऱ्या दिवशी तिला हे सांगितलं तर म्हणाली, "पुतळ्याले समजलं, तुमाले नाई समजलं." गंमत म्हणजे ही मोजणी बंद पिशवीची. भाच्याची रजई पाठीकडून उघडी, तिला ती लागूच नाही. तिथे बनवणाऱ्याच्या शब्दावर झोपायचं.

तो झोपला. खरं तर लटकला. मध्यरात्रीपर्यंत वरून घाम, खालून गारठा. झोळीत अंगाखाली पीस घेतलं तरी ते दबतं, दबलेल्या पिसात हवा उरत नाही, आणि ऊब धरून ठेवते ती हवाच. त्यात खालून वारं मोकळं फिरतं. म्हणून तर आमच्याकडे हिवाळ्यात बाजेवर पहिली वाकळ अंगावर घेत नाहीत, अंगाखाली घालतात. झोळीच्या खालून बांधायची वेगळी रजई मिळते म्हणे, ती त्याने पुढच्या पगारावर ठेवली होती. पहाटे मोहाच्या पानांवरून दव टपटपायला लागलं. वर उन्हाळा, खाली हिवाळा आणि आता पावसाळा, तिन्ही ऋतू एका रात्रीत वसूल. तीनच्या सुमारास तो उतरला आणि काही न बोलता माझ्या शेजारी तणसात शिरला. मीही काही न बोलता सरकलो.

दुसऱ्या दिवशी आई खळ्यावर आली. रजई तिने हातात तोलून पाहिली, "बदकाचं पीस! मंग बदक कायनं झोपलं असन?" एवढं बोलून दोन रिकामे बोरे मागितले. भाचा त्यांत तणस कोंबायला लागला तशी ओरडली, "ठासू नको बाबू, पोकर ठेव." जे समजायला त्याला एक अख्खी रात्र लागली होती, ते तिच्या एका शब्दात होतं. बोरे सुतळीने झोळीच्या पोटाला बांधले. त्या रात्री बारा-तेरा अंश असतील, किंवा एक वाकळ. भाचा असा झोपला की डुकरं हाकलायला मी दोनदा डबा वाजवला तरी हलला नाही.

सकाळी ऊन तोंडावर आल्यावर त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "मामा, झोका कोण देतंय?"

गोऱ्हा खाली उभा होता. एक बोरा त्याने फाडून संपवला होता, दुसऱ्याला तोंड घातलं होतं.