‘डायरेक्ट फिट’वाल्यांस खुले पत्र

अ‍ॅल्युमिनियम रेडिएटरच्या खोक्यावर ‘डायरेक्ट फिट’ हे दोन शब्द छापणाऱ्या गृहस्थांस,

कृ. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपला रेडिएटर अखेर आमच्या गाडीत बसला. डायरेक्ट नव्हे, पण बसला. मध्ये तीन रविवार, एक लेथवाला, एक कानस आणि बायकोचा अबोला एवढंच काय ते लागलं. आपण काळजीत असाल म्हणून आधी कळवलं.

गाडी २००३ची, पेट्रोल. गेल्या मे महिन्यात पसरणी घाटात तिच्या जुन्या रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी जाळीला जोडलेली असते तिथेच चिरली. तिला मी दोष देत नाही. वीस वर्षं रोज तापायचं नि निवायचं म्हटल्यावर माणूसही तडकतो. एका ट्रक ड्रायव्हरने मूठभर हळद पाण्यात टाकायला लावली, तेवढ्यावर आम्ही कसेबसे वाईत उतरलो. (हळदीने गळती खरंच थांबते. पुढे हीटरच्या बारीक नळ्याही थांबतात, ते ड्रायव्हर सांगत नाही.) आता प्लॅस्टिक नकोच, सगळा अ‍ॅल्युमिनियमचा घेऊ, आणि चार बोल्ट नि दोन होज पाइपांसाठी गॅरेजवाल्याचे पाय कशाला धरायचे, असं मला वाटलं. आपण माझ्यासारख्यांसाठीच तर ते दोन शब्द छापता.

वरच्या दोन भोकांपैकी डावं जुळलं. उजवं अर्धा इंच पुढे. भोकं पाडताना आपण समोर गाडी ठेवली होती, की गाडीचा फोटो? फॅनचा सेन्सर ज्यात बसतो त्या भोकाचे आटे तर कुठल्याच मापाचे निघेनात. लेथवाल्याने बुश बनवून दिला आणि वर विचारलं, “हे डायरेक्ट फिट का?” त्याच्या तोंडी तो शब्द ऐकून मला शरम वाटली, आपल्या वतीने.

पण खरी करामत जाडीत आहे. जुनी जाळी १६ मिलिमीटरची, आपली ४२. जाड म्हणजे उत्तम, हा हिशेब भाकरीलाही लागू पडत नाही. फॅनची मोटर मागे थेट इंजिनाला टेकली. त्यावर आपल्या पत्रकात उपाय तयार : ‘आवश्यकता भासल्यास फॅनचे कव्हर काढावे.’ काढलं. आता त्या कव्हरचं काम ऐका, कारण आपल्याकडे कुणाला ते ठाऊक दिसत नाही. ते असतं म्हणून फॅन सगळ्या जाळीतून हवा ओढतो. ते नसलं की पात्यांसमोरच्या गोलापुरतीच ओढतो, चारही कोपरे नुसते शोभेला. सातारा रस्त्यावर ऐंशीने गेलो की समोरच्या वाऱ्यावर काटा मधोमध. स्वारगेटच्या सिग्नलला थांबलो की काटा वर. हळद प्यायलेल्या म्हाताऱ्याने शहरात जे कधी केलं नव्हतं, ते आपल्या कोऱ्या मालाने पहिल्याच सोमवारी करून दाखवलं.

खोक्याच्या दुसऱ्या बाजूला आपण ‘इंजिन ३० टक्के अधिक थंड’ असंही छापलंय. नव्वद अंशांतून तीस टक्के वजा केले की उरले त्रेसष्ट. आमच्या गाडीचा थर्मोस्टॅट ८२ अंशांपर्यंत डोळाही उघडत नाही. इंजिनाने किती गरम राहायचं ते तो ठरवतो, तुमचं खोकं नव्हे.

भेट म्हणून दिलेलं ‘रेसिंग’ झाकणही पोचलं. कंपनीचं झाकण ०.९ बारचं, तेवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही, घाटाला तेवढं पुष्कळ झालं. आपलं १.३चं. ते लावल्यावर वरचा जुना होज गालगुंड झाल्यासारखा फुगला. झाकण आता मुलगा पेपरवेट म्हणून वापरतो.

आपल्या मदतकेंद्रालाही फोन केला. बाई फार गोड बोलल्या. “सर, प्रोफेशनलकडून बसवून घेतलंत का?”

“डायरेक्ट फिट आहे ना?”

“हो सर. प्रोफेशनलसाठी.”

शेवटी पातळ फॅन आणला, पत्रा कापून त्याचं कव्हर घरीच केलं, सोसायटीच्या उतारावर गाडीचं नाक वर करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून पाइपांतली हवा काढली. मे महिन्यात हीटर! वॉचमन लांबून बघत होता. आता स्वारगेटलाही काटा हलत नाही. आणि खोटं कशाला बोलू, वेल्डिंग आपलं झकास आहे. एक थेंब गळत नाही. जो कोणी वेल्डर आहे त्याला माझा नमस्कार सांगा, आणि जमलं तर छपाईचं कामही त्यालाच द्या.

लोभ आपल्याला आहेच. तो वाढू नये, ही विनंती.

आपला,
एक प्रोफेशनल नसलेला गिऱ्हाईक

ता. क. खोकं चांगलं मजबूत आहे, म्हणून गणपतीच्या मखराचं सामान त्यात भरून माळ्यावर टाकायचं ठरलं. माळ्याच्या दारातून ते आत जात नाही.